व्ही.पी. सोडवून घेणे

गेल्या वर्षी श्रावणात वाईहून आईचा फोन आला. "तू मागवलेलं आलं बरं का. सहाशे नव्याण्णव दिले त्याला." मी काहीच मागवले नव्हते. पार्सलवर तिचे नाव होते, मोबाइल नंबर होता, देवळामागचा वाडा हा पत्तासुद्धा अचूक होता. आणणारा मुलगा घाईत होता, बाहेर पाऊस होता, आणि न सांगता काहीबाही धाडायची मला सवय आहे. तिने पैसे मोजले. आत जेमतेम पन्नास रुपयांची प्लास्टिकची खिसणी निघाली.

रक्कम मोठी नव्हती. पण आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते, पैपैचा हिशेब वहीत लिहिते. आपण फसलो याची तिला लाज वाटली. चार दिवस तिने शेजारी कुणाला सांगितले नाही. ते मला फार लागले, आणि मी तक्रारीला बसलो.

ज्या विक्रीस्थळाचे नाव पार्सलवर होते त्याच्या ॲपवर बोलायला माणूस नव्हता. एक खिडकी होती आणि तिच्यात 'आपली अडचण निवडा' म्हणून पाच पर्याय होते. वस्तू उशिरा आली, खराब निघाली, चुकीची निघाली, परत करायची आहे, पैसे परत मिळाले नाहीत. 'मी मागवलेच नव्हते' हा सहावा पर्याय नव्हता. शेवटी मी खोटे बोललो आणि 'चुकीची निघाली' निवडले. त्यावर आईच्या मोबाइलवर ओटीपी गेला. मी फोन करून तो विचारला. ती म्हणाली, "तूच सांगितलंयस, कुणी कितीही जवळचं बोलत असलं तरी हा आकडा सांगायचा नाही." मी तिचाच मुलगा आहे हे तिला पटवून देईपर्यंत त्या आकड्याची मुदत संपली.

ते पैसे काही परत मिळाले नाहीत. पण या प्रकरणात आईने सहज वापरलेला एक शब्द माझ्या डोक्यात राहिला. "आलेलं पार्सल मी सोडवून घेतलं," असे ती म्हणाली होती. आजची पिढी पार्सल 'रिसीव्ह' करते. सोडवून घेत नाही. सोडवून घ्यायची ती व्ही.पी. माझे थोरले काका सातारा जिल्ह्यात टपाल कारकून होते आणि त्यांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा असे. गहाण सोडवतात, कोंडवाड्यातले जनावर सोडवतात, तशी व्ही.पी. सोडवतात. आपलीच वस्तू, पण पैसे भरल्याशिवाय हाती यायची नाही. दारात पैसे देऊन माल घेण्याची ही पद्धत कुठून आली, आणि तिच्यात फसलेल्या माणसाने पूर्वी काय केले, हे शोधायला मी जुने कागद उपसले. हा लेख त्यातून झाला.

टपालाने पैसे पाठवणे हेच मुळात एके काळी धाडस होते. १८६१च्या कायद्याने सरकारी कागदी चलन सुरू झाले, तेव्हा मनिऑर्डर नव्हती. सावकारांकडे हुंडी होती, पण मुंबईच्या दुकानदाराला वीस रुपये पाठवू पाहणाऱ्या मास्तरासाठी कोण हुंडी लिहिणार? लोकांनी यावर तोडगा काढला. नोट मधोमध कापायची. एक तुकडा एका टपालाने धाडायचा. तो पोचल्याची चिठ्ठी आली की दुसरा तुकडा दुसऱ्या टपालाने. तिकडे माणूस दोन्हींचे क्रमांक जुळवून डिंकाने चिकटवी. अर्ध्या तुकड्याचा चोराला उपयोग नव्हता. अशा मधोमध जोडलेल्या नोटा आजही संग्राहकांकडे दिसतात. आईच्या मोबाइलवर आलेला आकडा आणि हा दुसरा तुकडा यांचे नाते जवळचे आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन गोष्टी जुळल्या तरच व्यवहार पुरा. फरक इतकाच की नोटेचे तुकडे करण्याची युक्ती गिऱ्हाइकाची होती.

टपालखात्याला फसवण्याच्या युक्त्याही होत्याच. १८५४ साली साऱ्या देशासाठी एकच दर आला, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. तिकीट न लावता पत्र टाकले तर दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होत. त्याला बेरंग पत्र म्हणत. 'बेअरिंग'चे ते देशी रूप, आणि शब्द म्हणून मूळच्यापेक्षा सरस. असे पत्र नाकारायची मुभा होती. मग पाकिटावरच ठरलेली खूण करायची, घेणाऱ्याने खूण पाहून खुशाली समजून घ्यायची आणि पत्र परत करायचे. या युक्तीची कथा इंग्लंडात कवी कोलरिजच्या नावावर सांगतात, तीही टपाल तिकिटे येण्यापूर्वीच्या काळातली. आपल्याकडे दीडशे वर्षांनी ती मिस्ड कॉलच्या रूपाने परतली. 'पोचलो की एक रिंग देतो' हे वाक्य ज्यांनी बोलले आहे, त्यांना बेरंग पत्र समजावून सांगायला नको.

या अशा काळात १८७७ साली हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केली. दुकानदाराने पार्सल खात्याकडे द्यायचे, वसूल करायची रक्कम लिहून द्यायची. पोस्टमनने ती घेणाऱ्याकडून घ्यायची आणि मगच पार्सल सोपवायचे. पैसे उलट टपालाने दुकानदाराकडे. १८८० साली मनिऑर्डर खात्याकडे आली तेव्हा हा उलटा प्रवासही सुरळीत झाला. ज्याला आज कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात आणि जिचे श्रेय एखाद्या नव्या कंपनीच्या कल्पकतेला दिले जाते, ती सोय सरकारी खात्याने दीडशे वर्षांपूर्वी खेड्यापाड्यांत पोचवली होती.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात व्ही.पी.ला एक ओळसुद्धा मिळत नाही, हे मला नेहमी खटकते. पुस्तकांची दुकाने मुंबई-पुण्यात, वाचक मात्र वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात, बडोद्याला, इंदूरला. त्यांना जोडणारा दुवा कोणता? जुन्या मासिकांच्या मलपृष्ठांवर तो छापलेला असे: किंमत आठ आणे, टपालहंशील निराळे, व्ही.पी.ने पाठवू, पत्ता सुवाच्य लिहावा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि आज तुमच्या हाती आहे त्या प्रकाराची सुरुवात झाली. त्या काळच्या मासिकांचे वर्गणीदार होणे म्हणजे पुष्कळदा पहिला अंक व्ही.पी.ने येणे आणि तो सोडवणे. साबण, घड्याळे, केशतेले, चष्मे, बाजाच्या पेट्या हेही याच वाटेने जात. गोऱ्या साहेबांसाठी वेगळी दुनिया होती. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने मुंबईत १८९१ साली दुकान थाटले आणि जाडजूड सूचीपत्रावरून छावणीतल्या अधिकाऱ्याला हवे ते घरपोच मिळू लागले. त्यांच्या तक्रारीला कान होते. आपल्या मास्तराची तक्रार कोण ऐके?

इथे मी १८९८च्या टपाल कायद्याकडे वळलो, आणि खरे सांगायचे तर चकित झालो.

त्या कायद्याच्या चौतिसाव्या कलमात व्ही.पी.ची तरतूद आहे आणि पस्तिसाव्यात तिचे नियम करण्याचे अधिकार. कोणत्या बाबींवर नियम करता येतील याची तिथे यादी दिली आहे. तिच्यातली एक बाब अशी की, पाठवणाऱ्याने हे पार्सल खरोखर आलेल्या मागणीवरून पाठवत असल्याचे लिहून दिल्याशिवाय ते व्ही.पी. म्हणून स्वीकारू नये, असे फर्मावता येईल. दुसरी बाब, फसवणूक झाली असेल तर वसूल केलेले पैसे दुकानदाराला न देता रोखून ठेवून घेणाऱ्याला परत करता येतील.

मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. कायदे लिहिणारी माणसे हौसेने कल्पना लढवत नाहीत. अशी अट लिहावी लागली, याचा अर्थ कोणी तरी न मागवलेली पार्सले धाडत होते आणि कोणा तरी म्हातारीने, मुलाने मागवले असेल असे समजून, ती सोडवून घेतली होती. हा माझा तर्क आहे, पण तो फारसा ताणलेला नाही. म्हणजे माझ्या आईला गाठलेली युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी कागदावर तिच्यासाठी ते पाचात नसलेले सहावे घर होते.

कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर इंग्रज सरकारवर उगाच स्तुतिसुमने उधळल्यासारखे होईल. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने टपालातली वस्तू हरवली, भलतीकडे गेली, उशीर झाला, मोडली तर सरकारवर जबाबदारी नाही, असे बजावून टाकले होते. व्ही.पी.च्या रकमेबाबतही तेच. घेणाऱ्याकडून पैसे खात्याच्या हाती येईपर्यंत दुकानदाराने खात्याकडे काही मागू नये. २०२३चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ला लागू झाला आणि १८९८चा गेला. जबाबदारी नाकारणारी ढाल मात्र नव्या कायद्यातही आहे.

शिवाय व्ही.पी.त मुळातच एक खोट होती. आधी पैसे, मग पार्सल. उघडून पाहायचे ते नंतर. दारात पैसे देण्यातली हमी त्यामुळे अर्धीच राहिली. वस्तू पोचली एवढे कळे. ती काय आहे हे कळत नसे. उरलेली अर्धी हमी लोकांनी आपापल्या अकलेने उभी केली, आणि तिच्या गोष्टी मी थोरल्या काकांकडून ऐकल्या आहेत. लोक पार्सल हातात घेऊन वजन जोखत, कानाशी नेऊन हलवत. तेलाचे असेल तर वास घेत. हाती पैसे नसले की काकांना सांगत, "बाजारापर्यंत ठेवा, सोडवतो." काका ते नियमात बसेल तितके दिवस ठेवत आणि, मला वाटते, अधूनमधून त्याहून थोडे जास्त. संशय असेल तर गिऱ्हाईक पैसे भरून पार्सल तिथेच, टपालाच्या फळीवर, चार माणसांदेखत उघडी. काका पंच. एकदा हातघड्याळाच्या डबीतून पितळी बिल्ला निघाला तेव्हा काकांनी स्वतःच तक्रारअर्ज लिहून दिला होता, कारण घड्याळवाल्याला लिहिता येत नव्हते. पैसे परत आले की नाही, हे काकांना शेवटपर्यंत आठवले नाही. अर्ज कसा लिहिला ते मात्र तोंडपाठ होते.

गिऱ्हाईक नेहमी गरीब बिचारे आणि दुकानदार लबाड, असेही चित्र नव्हते. हौसेने मागवायचे आणि व्ही.पी. दारात आली की 'घरी नाहीत' म्हणून सांगायचे, हा उद्योग सर्रास चाले. पार्सल परत गेले की जाण्याचा खर्च प्रकाशकाच्या माथी आणि कोपरे दुमडलेले पुस्तक पदरी. म्हणून जाहिरातींत आणखी एक ओळ आली: मागणीबरोबर काही रक्कम आगाऊ पाठवावी. आज विक्रीस्थळे रोखीच्या पार्सलावर जादा आकार घेतात, तो याच ओळीचा नातू.

अविश्वास दोन्हीकडे होता. त्यावरचा एक निराळा उपाय किर्लोस्करांनी केला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकणे सोपे नव्हते. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाले ते गिऱ्हाइकांशी आणि विक्रेत्यांशी बोलण्यासाठी. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी साहित्यात त्याने काय केले ते या वाचकांना सांगायला नको. एवढी मोठी वाङ्मयीन परंपरा कारखान्याच्या ग्राहकसेवेतून निघाली, याची मला गंमत वाटते.

आता पत्त्याबद्दल थोडे. आईचा पत्ता पार्सलवर अचूक होता म्हणालो, त्याचे निम्मे श्रेय सहा आकड्यांना आहे. एकाच नावाची दहा गावे, पंधरा लिप्या आणि डॉक्टरी अक्षर यांतून वाट काढण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची रचना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ला ती सुरू झाली. वेलणकर टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. ही रचना टपालगाड्यांच्या सोयीने झाली, जिल्ह्याच्या नकाशाने नव्हे. साताऱ्याचा पिनकोड ४१५ने सुरू होतो, पण सातारा जिल्ह्यातल्याच वाईचा आहे ४१२८०३; ते ४१२ पुणे जिल्ह्यातल्या गावांनाही आहे. त्यामुळे काही संगणक आईला पुणे जिल्ह्यात बसवतात. पोस्टमनला याचे काही वाटत नाही. कुरिअरच्या मुलाला मात्र ॲपमधली निळी खूण भलतीकडे नेते, मग तो फोन करतो आणि आई त्याला 'पिंपळापासून डावीकडे' असे सांगत आणते.

अविश्वासावर सर्वांत मुळाशी जाणारा तोडगा मात्र टपालाबाहेर निघाला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात आधीच ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली होती. मुंबईच्या पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ केले. महिन्याची यादी एकत्र भरायची, माल एकाच घरी उतरायचा, सभासदांनीच तो मोजून वाटून घ्यायचा. भेसळ निघाली तर ती एकट्या बाईची तक्रार राहत नसे. अनोळखी दुकानदाराशी एकट्याने झुंजण्यापेक्षा शेजारणींना बरोबर घ्यायचे, ही कल्पना साधी होती आणि ती टिकली. माझी मावशी अशा एका संघात होती. तिच्या दिवाणखान्यात महिन्यातून एकदा डाळींची पोती आणि तराजू असे आणि आम्हा मुलांना सोफ्यावर बसायला जागा नसे.

पुढे १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आला. वकील न देता साध्या कागदावर तक्रार करता येऊ लागली. २०१९च्या कायद्याने ती आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे नेता येते, आणि २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. मला पोच दोन मिनिटांत मिळाली. यंत्राने धाडली होती.

दरम्यान व्ही.पी. नव्या नावाने परतली होती. १ ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. पाऊल शहाणपणाचे होते, पण त्या वेळच्या इंटरनेटवर पान उघडेपर्यंत व्यवहार बारगळे. पैसे खात्यातून जात आणि मागणी नोंदलीच जात नसे. अनेकांकडे तर कार्डच नव्हते. २००७ साली पुस्तके विकत सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१०मध्ये दारात रोख घेण्याची सोय केली आणि बाकीच्यांना तिच्यामागे यावे लागले. याला भारतीय ग्राहकाचा मागासपणा म्हणणारे तज्ज्ञ तेव्हा बरेच होते. मला तसे वाटत नाही. ज्याला तक्रारीचा निकाल कधी मिळालेला नाही, त्याच्याकडे पैसे हातात धरून ठेवणे एवढेच एक हत्यार असते.

मात्र परत आली ती व्ही.पी. अपुरी होती. दार तेच, रोख तीच, पण पार्सलामागे काका नव्हते. पार्सल आणणाऱ्या मुलाला खिसणी आणि घड्याळ सारखेच. त्याला दिवसभरात ठरलेली दारे गाठायची असतात, आणि आत काय आहे हे त्याला आईइतकेच ठाऊक असते. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. आईने त्याला पुढच्या खेपेला ओळखले, पाणी दिले आणि विचारले, "तो डबा कुणी पाठवला होता रे?" तो म्हणाला, "आजी, मला फक्त चिकटवलेला कोड दिसतो." काही महागड्या वस्तूंना आता दारात उघडून दाखवण्याची सोय मिळते, तिला ओपन बॉक्स म्हणतात. म्हणजे काकांची फळी. खिसणीच्या किमतीला ती मिळत नाही.

आईने आपला उपाय आपणच केला. दाराशेजारच्या खिळ्याला तिने एक वही अडकवली आहे. मी काही मागवले की आधी फोन करायचा. ती तारीख, वस्तू आणि रक्कम वहीत लिहिते. पार्सल आले की चष्मा लावून वही पाहते, मुलगा कितीही घाईत असला तरी. वहीत नसेल तर पैसे नाहीत. खरोखर आलेल्या मागणीचा जो दाखला कायदा दुकानदाराकडून घेऊ पाहत होता, तो आता माझी आई स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. शेजारच्या दोन घरांनीही तिचे पाहून वह्या केल्या आहेत. तक्रार मी सोडून दिल्याचे तिला सांगितले, तेव्हा तिने विचारले, "अर्ज तरी नीट लिहिला होतास ना?" पाच पर्यायांच्या खिडकीत अर्ज लिहायला जागा नव्हती, हे मी तिला सांगितले नाही.

मागच्या दिवाळीत मी तिला चकित करायचे म्हणून तीन दिवाळी अंकांचा संच एका पुस्तकविक्रेत्याकडून परस्पर पाठवला. पैसे भरताना माझ्याच हातून चुकीचे बटण दाबले गेले आणि मागणी रोखीची नोंदली गेली. आठ दिवसांनी विक्रेत्याचा फोन आला, पार्सल परत आले आहे. मी वाईला फोन लावला.

"होय, आलं होतं," आई म्हणाली. "तीन अंक आहेत असं त्या मुलानं वाचूनसुद्धा दाखवलं. घ्यायचा मोह झाला होता. पण वहीत नव्हतं."